सनद दाखवा! अमेरिकी स्वशासनाची वसाहतकालीन आणि धार्मिक मुळं

प्रश्न असा आहे: "अमेरिकेतली लोकशाही मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या धार्मिक लोकांनी रुजवली, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. मग त्याच देशात धर्म आणि राज्य वेगळे कसे झाले? आणि मुळात ते लोक एवढे लोकशाहीवादी होते का?"

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: नव्हते. अमेरिकेचा वसाहतकाळ बरीच वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालंय की मेफ्लॉवरच्या वाट्याला जरा जास्तच मान आलाय. स्वशासनाची सवय तिथे दोन गोष्टींतून लागली. एक, व्यापारी कंपनीला राजाकडून मिळालेली सनद. दुसरी, आपला पाळक (धर्मगुरू) आपणच निवडणारी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचा समुदाय. मॅसॅच्युसेट्समध्ये या दोन्ही एकाच लोकांच्या हातात आल्या. आणि ज्या पुढाऱ्यांनी त्या आणल्या त्यांना लोकशाहीची चक्क भीती वाटायची. लोकांनी ती त्यांच्याकडून कर, कागद आणि एका डुकरिणीवरून भांडून घेतली. डुकरिणीकडे येतोच.

आधी व्हर्जिनिया, कारण कालक्रमाने पहिला मान तिचा. जेम्सटाउनची वस्ती 1607 ची, निव्वळ व्यापारी. सोनं सापडलं नाही, माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, लष्करी शिस्तीचे कायदे लावूनही वस्ती धड चालेना. तेव्हा लंडनमधल्या कंपनीने ठरवलं की तिथल्या लोकांना कारभारात थोडा वाटा द्यावा, म्हणजे आणखी लोक यायला तयार होतील. 30 जुलै 1619 रोजी गव्हर्नर जॉर्ज यर्डली याने वस्त्यावस्त्यांतून निवडून आलेले 22 प्रतिनिधी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये जमवले. चर्चमध्ये का, तर सगळे मावतील अशी दुसरी जागा नव्हती. प्रार्थना झाली आणि लगेच पहिला वाद निघाला. कॅप्टन जॉन मार्टिन नावाच्या जमीनदाराच्या सनदेत म्हटलं होतं की वसाहतीचे कायदे त्याच्या जमिनीला लागू नाहीत. सभेने विचारलं, जो आमचे कायदे पाळणार नाही त्याची माणसं आमच्यासाठी कायदे कशी करणार? त्याच्या दोन्ही प्रतिनिधींना बसू दिलं नाही. म्हणजे अमेरिकेतल्या पहिल्या प्रतिनिधी सभेने पहिल्याच बैठकीत सभासदांच्या पात्रतेचा निकाल स्वतः लावला. इंग्लंडच्या पार्लमेंटचा हा जुना हक्क, तो त्यांनी न विचारता उचलला. उकाडा भयंकर होता, एक प्रतिनिधी अधिवेशन चालू असतानाच वारला, आणि 4 ऑगस्टला सभा आटोपती घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस पॉइंट कम्फर्टला एका जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली आणि धान्याच्या बदल्यात विकली गेली. या दोन घटना महिन्याभराच्या आतल्या आहेत, आणि अमेरिकेचा इतिहास शिकवणाऱ्याने त्यातली एक सांगून दुसरी गाळू नये.

आता मेफ्लॉवर. 1620 च्या नोव्हेंबरात हे जहाज केप कॉडला नांगरलं, तेव्हा त्यावरच्या 102 प्रवाशांपैकी निम्मेसुद्धा धर्मासाठी निघालेले नव्हते. मूळ गट सेपरेटिस्टांचा. हे लोक इंग्लंडच्या अधिकृत चर्चमधून बाहेर पडून हॉलंडमधल्या लायडनला राहिले होते. बाकीचे कारागीर, नोकर, नशीब काढायला निघालेले. परवाना व्हर्जिनियाच्या हद्दीतला होता आणि जहाज तर हद्दीबाहेर, उत्तरेला पोचलेलं. तेव्हा बाहेरच्यांपैकी काहीजण उघड बोलू लागले की इथे आमच्यावर हुकूम चालवायचा कुणालाच अधिकार नाही, किनाऱ्यावर उतरल्यावर आम्ही मन मानेल तसं वागू. विल्यम ब्रॅडफर्डने हे स्वतः लिहून ठेवलंय. यावर तोडगा म्हणून 11 नोव्हेंबरला (तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे) 41 पुरुषांनी एका छोट्या मजकुराखाली सह्या केल्या: आम्ही देवासमोर आणि एकमेकांसमोर करार करून एक नागरी समाज बनतो, सर्वांच्या भल्याचे कायदे करू आणि ते पाळू. सुरुवातीलाच राजा जेम्सशी निष्ठा जाहीर केली आहे. स्वातंत्र्याची घोषणा वगैरे त्यात काही नाही. फुटू पाहणाऱ्या लोकांना एकत्र बांधायचा तो कागद होता.

पण त्याची भाषा बघा. मंडळीचा पाळक जॉन रॉबिन्सन लायडनलाच मागे राहिला होता. त्याने निरोपाच्या पत्रात लिहिलं होतं की तुम्ही आता नागरी समाज होणार, तुमच्यात इतरांहून उंच असा कुणी खानदानी माणूस नाही, तेव्हा आपल्यातलेच अधिकारी निवडा आणि निवडल्यावर त्यांचा मान राखा. ज्या पद्धतीने हे लोक चर्च उभारायचे, तीच पद्धत त्यांनी वस्ती उभारायला वापरली. मेफ्लॉवरचं खरं महत्त्व मला इथे वाटतं. बाकी मोठेपण पुढच्यांनी चढवलं. 1802 मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन क्विन्सी अॅडम्सने प्लिमथला, म्हणजे या लोकांनी वसवलेल्या गावी, भाषण करून या कराराला मानवी इतिहासातला जवळजवळ एकमेव खराखुरा सामाजिक करार ठरवलं, आणि न्यू इंग्लंडच्या पुढाऱ्यांनी ते उचलून धरलं. प्लिमथची वसाहत छोटीच राहिली आणि 1691 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाली.

खरी कहाणी मॅसॅच्युसेट्सची. 4 मार्च 1629 रोजी राजा चार्ल्स पहिला याच्या शिक्क्याची सनद मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला मिळाली. सहाच दिवसांनी त्याच राजाने पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढची अकरा वर्षं बोलावलंच नाही. कंपनीतले बरेच लोक प्युरिटन, म्हणजे इंग्लंडचं चर्च आतून 'शुद्ध' करू पाहणारे. त्यांना दिसलं की आता इथे आपली धडगत नाही. सनदेत कंपनीचा नेहमीचा ढाचा होता: एक गव्हर्नर, एक उपगव्हर्नर, 18 सहायक, आणि वर्षातून चारदा भरणारी सभासदांची सर्वसाधारण सभा, जिचं नाव जनरल कोर्ट. ही सभा कुठे भरवायची, हे मात्र सनदेत लिहिलेलं नव्हतं. इतर कंपन्यांचा कारभार लंडनमध्ये आणि मजूर परदेशात असायचे. या लोकांनी ऑगस्ट 1629 मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला ठरवलं की जायचं तर सनद आणि कंपनीचा कारभार सोबत घेऊनच जायचं. 1630 साली कंपनीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप अर्बेला जहाजातून निघाला, तेव्हा सनदही समुद्रापार गेली. आपल्याकडे एखाद्या सहकारी कारखान्याचे संचालक मंडळ, पोटनियम आणि वार्षिक सभा सगळंच गाव सोडून दुसऱ्या देशात जाऊन बसावं आणि तिथे कारखान्याऐवजी राज्य चालवावं, असा हा प्रकार.

पण विन्थ्रॉपने तिथे पोचल्यावर ती सनद पेटीत ठेवली. कायदे करायचा अधिकार सभासदांचा, हे तिच्यात स्वच्छ लिहिलेलं. प्रत्यक्षात तो अधिकार गव्हर्नर आणि मूठभर सहायकांनी स्वतःकडे घेतला. 1631 मध्ये शंभरावर लोकांना सभासद करून घेतलं खरं, पण पुढे फक्त चर्चच्या सभासदालाच मतदार होता येईल अशी अट घातली. तरीही मतदारांची ही संख्या त्या काळच्या इंग्लंडच्या मानाने लहान म्हणता येत नाही.

1632 च्या फेब्रुवारीत न्यूटाउनभोवती कुंपण उभारायला 60 पौंडांचा कर सगळ्या वस्त्यांवर वाटून लावला. वॉटरटाउनचा पाळक जॉर्ज फिलिप्स आणि तिथल्या चर्चचा ज्येष्ठ पदाधिकारी (एल्डर) रिचर्ड ब्राउन यांनी गावकऱ्यांना जमवून सांगितलं की असा कर भरणं धोक्याचं आहे, आपण आणि आपली पुढची पिढी गुलामीत जाऊ. विन्थ्रॉपने त्यांना बोलावून समजावलं की आमचं मंडळ म्हणजे काही एखाद्या शहराचा मेयर नाही, ते पार्लमेंटसारखं आहे. त्यांनी चूक कबूल केली, माफी मिळाली. वरवर पाहता गावकरी हरले. पण पार्लमेंट म्हटलं की प्रतिनिधी आले. मेच्या सभेत ठरलं की कराबाबत सल्ला द्यायला प्रत्येक वस्तीतून दोघे यावेत. दोन वर्षांनी, 1634 मध्ये, हे गावोगावचे लोक आले आणि म्हणाले, सनद दाखवा. वाचल्यावर कळलं की कायदे करायचा हक्क जनरल कोर्टचा, म्हणजे आपला. विन्थ्रॉप म्हणाला की सभासद आता इतके झालेत की सगळ्यांनी मिळून कायदे करणं शक्य नाही. मग प्रत्येक गावाने प्रतिनिधी पाठवावेत असं ठरलं आणि त्यांच्या संमतीशिवाय कर नाही, जमीनवाटप नाही, कायदा नाही. त्याच मे महिन्यात गव्हर्नरच्या निवडणुकीत चिठ्ठ्या टाकून मतदान झालं आणि विन्थ्रॉपच्या जागी थॉमस डडली आला. वर्गात हा प्रसंग सांगताना मी इथे नेहमी थांबायचो. क्रांती नाही, रक्तपात नाही. लोकांनी कागद मागितला, वाचला आणि सत्ताधाऱ्याला बदललं.

आता डुकरीण. 1636 मध्ये बॉस्टनचा श्रीमंत व्यापारी रॉबर्ट केन याच्याकडे एक भटकी डुकरीण आली. त्याने दवंडी पिटवली, कुणी आलं नाही. त्याची स्वतःचीही एक होती, तिच्यासोबतच ही ठेवली आणि कालांतराने दोघींपैकी एक कापली. मग शर्मन नावाची बाई आली: कापली ती माझी! चर्चने चौकशी करून केनला निर्दोष ठरवलं, न्यायालयानेही. वर बाईलाच 20 पौंड नुकसानभरपाई द्यायला लावली. पण केन हा चढ्या भावाने माल विकल्याबद्दल दंड झालेला इसम, लोकांची सहानुभूती बाईकडे. 1642 मध्ये प्रकरण जनरल कोर्टात गेलं. बाईच्या बाजूने 2 सहायक आणि 15 प्रतिनिधी. केनच्या बाजूने 7 सहायक आणि 8 प्रतिनिधी. उरलेले 7 प्रतिनिधी कुंपणावर. एकूण मतं बाईकडे जास्त, पण सहायकांचं बहुमत केनकडे. सहायकांना नकाराधिकार आहे की नाही, यावर दोन वर्षं रणं माजली आणि 1644 मध्ये दोन्ही गट वेगवेगळे बसू लागले. मॅसॅच्युसेट्सचं विधिमंडळ द्विसदनी झालं ते असं. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत द्विसदनी पद्धतीची जी भारदस्त कारणं दिलेली असतात, त्यांत हे सहसा नसतं.

आता मंडळीकडे, कारण धर्माचं खरं काम तिथे झालं. इंग्लंडमध्ये पाळक वरून नेमला जायचा, बिशपच्या मान्यतेने. न्यू इंग्लंडमध्ये बिशपच नव्हता. काही कुटुंबं जमायची, आपला विश्वास एकमेकांसमोर सांगायची, लेखी करार करायची आणि तेवढ्याने चर्च तयार. सेलमला 20 जुलै 1629 रोजी काय झालं, याचं पत्र उपलब्ध आहे. सॅम्युअल स्केल्टन आणि फ्रान्सिस हिगिन्सन हे दोघेही इंग्लंडच्या चर्चचे रीतसर दीक्षित पाद्री. तरी त्यांना आधी विचारलं की तुम्हाला हे काम करायचा अधिकार कशाने मिळतो असं तुम्ही मानता? त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: मनातून देवाचं बोलावणं, आणि मंडळीची निवड. मग प्रत्येक पात्र सभासदाने कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहिलं. स्केल्टन पाळक झाला, हिगिन्सन शिक्षक (धर्मशिकवण देणारा), आणि सभासदांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांची नव्याने स्थापना केली. सामान्य शेतकरी आणि सुतार दीक्षित पाद्र्याच्या डोक्यावर हात ठेवतात! लंडनमधल्या बिशपला हे कळलं तर काय वाटेल याची कल्पना करा. रविवारी जो माणूस पाळक निवडतो, करारावर सही करतो, सभेत बोलतो, तो सोमवारी गावसभेत कुरणाच्या वादावर गप्प बसत नाही. बायका मात्र मंडळीत सभासद असूनही त्यांना मत नव्हतं, हेही सांगायला हवं.

(ही पद्धत महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. मॅसॅच्युसेट्सच्या याच काँग्रिगेशनल (मंडळीने स्वतःचा कारभार चालवायच्या) परंपरेतून 1810 मध्ये निघालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे लोक 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. नगरकडच्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनचं हे मूळ.)

एवढं असून पुढाऱ्यांची मतं काय होती? बॉस्टनचा प्रसिद्ध पाळक जॉन कॉटन याने लिहिलं की लोकशाही ही चर्चसाठी किंवा राज्यासाठी योग्य व्यवस्था म्हणून देवाने नेमली असेल असं मला वाटत नाही. विन्थ्रॉपने 1645 मध्ये आपल्यावरच्या आरोपांतून सुटल्यावर भाषण केलं त्याचा आशय असा: तुम्ही आम्हाला निवडता, पण आमचा अधिकार देवाकडून येतो. बाई नवरा आपल्या मर्जीने निवडते, पण एकदा निवडल्यावर तो तिचा धनी, तसंच हे. म्हणजे निवडणूक मान्य, नंतरची जाब विचारणी नाही. लोक मात्र दरवर्षी निवडणूक घेत राहिले आणि दरवर्षी जाब विचारत राहिले.

थॉमस हूकर या पाळकाला हे पटत नव्हतं. 1636 मध्ये तो आपली मंडळी घेऊन कनेक्टिकट नदीकाठी गेला. 31 मे 1638 च्या हार्टफर्डच्या प्रवचनात त्याने म्हटलं की अधिकाराचा पाया लोकांच्या मुक्त संमतीत आहे, आणि जे अधिकारी नेमू शकतात ते त्यांच्या अधिकाराची मर्यादाही ठरवू शकतात. हे प्रवचन आपल्याला माहीत आहे ते एका श्रोत्याने सांकेतिक लघुलिपीत टिपून ठेवलं म्हणून. जानेवारी 1639 मध्ये हार्टफर्ड, विंडसर आणि वेदर्सफील्ड या तीन गावांनी फंडामेंटल ऑर्डर्स, म्हणजे कारभाराचे मूलभूत नियम, केल्या. त्यात राजाचं नावही नाही, आणि लागोपाठ दोन वर्षं एकाच माणसाला गव्हर्नर होता येणार नाही अशी अट आहे. गव्हर्नर चर्चचा सभासद असला पाहिजे, मतदाराला मात्र ती अट नव्हती.

प्रश्नाचा दुसरा भाग, धर्म आणि राज्य वेगळं होणं. याचं उत्तर अनेकजण स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन आणि युरोपातल्या प्रबोधनाकडे शोधतात. ते अर्धंच आहे. याची जुनी मांडणी रॉजर विल्यम्स या पाळकाची, आणि विल्यम्स विन्थ्रॉपपेक्षाही कट्टर प्युरिटन होता. त्याचं म्हणणं, श्रद्धा ही देवाचीच बाब. शिपाई पाठवून चर्चला माणसं आणलीत तर चर्चच विटाळेल. चर्चची बाग आणि जगाचं रान यांमध्ये भिंत हवी, ही प्रतिमा त्याचीच, 1644 ची. राजाने दिलेल्या जमिनीवर मूळ रहिवाशांचा हक्क आहे असंही तो म्हणे. 1635 मध्ये त्याला हद्दपार केलं. पुढच्या हिवाळ्यात तो बर्फातून निघाला आणि 1636 मध्ये ऱ्होड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स वसवलं. तिथल्या रहिवाशांच्या करारात बहुमताचं ऐकायचं ते "फक्त नागरी बाबतींत". 1663 च्या ऱ्होड आयलंडच्या सनदेत धर्माबाबत कुणालाही त्रास द्यायचा नाही असं लिहिलं गेलं. याउलट बॉस्टनमध्ये 1659 ते 1661 दरम्यान क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फाशी दिलं, त्यात मेरी डायर ही बाई होती. तेव्हा 'प्युरिटन धर्मस्वातंत्र्यासाठी आले' हे वाक्य अर्धवट आहे. आपल्यासाठी आले, इतरांसाठी नाही. आणि 1641 च्या त्यांच्या प्रसिद्ध हक्कनाम्यात, जिथे जीव आणि मालमत्ता कायद्याशिवाय हिरावता येणार नाही असं म्हटलंय, तिथेच युद्धकैद्यांना आणि विकत आणलेल्या परक्यांना गुलाम ठेवायची मोकळीकही आहे.

पुढची कलाटणी इंग्लंडने दिली. 1684 मध्ये मॅसॅच्युसेट्सची सनद रद्द झाली, 1686 मध्ये सर एडमंड अँड्रॉस गव्हर्नर म्हणून आला. विधानसभा बंद, कर त्याच्या हुकमाने. 1687 मध्ये इप्सविच गावाने कर गोळा करायला नकार दिला. पुढाकार पाळक जॉन वाइजचा. खटल्यात इंग्रज प्रजेचे हक्क सांगितल्यावर त्याला ऐकवलं गेलं की तुला गुलाम म्हणून विकत नाहीत, एवढाच हक्क उरलाय. त्याला तुरुंग आणि 50 पौंडांचा दंड झाला. एप्रिल 1689 मध्ये, इंग्लंडमध्ये राजा जेम्स दुसरा पळाल्याची बातमी आल्यावर, बॉस्टनच्या लोकांनी अँड्रॉसलाच पकडून कैदेत टाकलं. 1691 च्या नव्या सनदेत गव्हर्नर राजाचा, पण विधानसभा राहिली; आणि मताधिकाराची चर्चची अट जाऊन मालमत्तेची आली. धर्माने लावलेली सवय आता धर्माच्या कुबडीशिवाय चालू लागली. वाइजने 1717 मध्ये मंडळीच्या कारभाराचं समर्थन करताना थेट निसर्गदत्त समतेचा आधार घेतला, आणि ते पुस्तक 1772 मध्ये, ब्रिटनशी वाद पेटलेला असताना, पुन्हा छापलं गेलं.

म्हणजे 1776 चं अमेरिकेचं स्वातंत्र्य हे सगळं मंडळीतून आलं का? नाही. इंग्लंडचा सामान्य कायदा, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचे विचार, तीन हजार मैलांचं अंतर, लंडनचं वर्षानुवर्षं दुर्लक्ष, सगळ्यांचा वाटा आहे. पण एक धागा स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर 1776 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या गावसभेने ठराव केला की विधिमंडळाने स्वतःच राज्यघटना लिहू नये, कारण जो लिहील तो बदलेलही. त्यासाठी वेगळी निवडलेली सभा हवी. 1778 मध्ये विधिमंडळाने लिहिलेला मसुदा गावसभांनी फेटाळला. मग स्वतंत्र सभा बसली, मुख्य मसुदा जॉन अॅडम्सचा, आणि 1780 मध्ये गावोगाव एकेका कलमावर चर्चा होऊन तो मंजूर झाला. प्रस्तावनेत म्हटलंय की सगळे लोक प्रत्येकाशी आणि प्रत्येकजण सगळ्यांशी करार करतो. क्रियापद चर्चच्या करारातलंच आहे. सर्वांत जास्त हरकती आल्या त्या तिसऱ्या कलमावर, ज्यात गावाने प्रोटेस्टंट पाळकाचा खर्च करातून भागवावा असं होतं. बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा पुढारी आयझॅक बॅकस याच्यावर तुटून पडला, आणि त्याचा युक्तिवाद रॉजर विल्यम्सचाच होता. संघराज्याच्या घटनेतली धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली दुरुस्ती 1791 ची, पण ती काँग्रेसला बांधत होती, राज्यांना नाही. मॅसॅच्युसेट्सने चर्चसाठीचा कर बंद केला तो 1833 मध्ये, राज्यांमध्ये सर्वांत शेवटी.